नाण्याचा छाप आणि नाण्याचा धातू



नाण्याला दोन बाजू असतात हे आपण सगळेच जाणतो. छापा की काटा म्हणून पोरेसुद्धा नाणे उडवितात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन बाजूंपेक्षा नाण्यातील निराळ्याच दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. एक त्यावरचा छाप आणि दुसरा त्यातला धातू. छाप हे राजाचे वचन. धातू हा त्या वचनासाठी ठेवलेला तारण. तारण पुरेपूर असेल तर वचन देणारा उद्या गादीवर नसला तरी घेणाऱ्याचे काही बुडत नाही. तारण अपुरे असेल तर सगळी भिस्त वचनावर. ज्या नाण्यातील धातूची किंमत त्याच्या छापील किमतीहून पुष्कळ कमी असते, त्याला सांकेतिक नाणे किंवा नेहमीच्या बोलण्यात टोकन म्हणतात. आज आपल्या खिशातले प्रत्येक नाणे टोकनच आहे.

आजचा विषय नाण्यांच्या धातूची पारख हा आहे. तो केवळ हौशी संग्राहकांचा विषय नव्हे. आपल्याकडे क्वचितच असे घर असेल की जेथे आजीच्या पेटीत दोनचार जुने रुपये, एखादा भोकाचा पैसा किंवा एखादी शिवराई नाही. या वस्तूंची पारख नसल्यामुळे काही घरांतून खरा ऐवज कवडीमोलाने गेला आहे, आणि काही घरांत खोट्या वस्तूपायी जन्माची पुंजी गेली आहे. म्हणून ही पारख आपल्या पूर्वजांनी कशी केली, ती कोठे फसली आणि आज ती कशी करावी, हे क्रमाने पाहू.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उजेडात आणले. या परिसरात मिळालेल्या नाण्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर अशी राजांची नावे आहेत आणि धनुष्यबाण आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही नाणी. त्यांतली पुष्कळशी कोणत्या धातूची असावीत? सोन्याची नाहीत, चांदीची नाहीत, शिशाची आहेत! शिसे हा मऊ, नखाने ओरखडा उठेल असा धातू; कागदावर घासला तर करडी रेघ उठते. दागिन्याच्या कामाचा नाही, साठवून श्रीमंत व्हावे असाही नाही. तरी त्या काळच्या बाजारात ते चालले. भडोच बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालाच्या यादीत 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या ग्रंथाने तांबे, कथील आणि शिसे यांची नावे दिली आहेत. तेव्हा शिसे येथे बाहेरून येत होते. त्याच्यावर छाप उमटवून त्याला चलन करणे ही गोष्ट राजाच्या शब्दाला बाजारात काही वजन असल्याशिवाय घडत नाही. मोठ्या देवघेवीला चांदी आणि रोजच्या भाजीपाल्याला हलका धातू, हा व्यवहार या मातीत इतका जुना आहे.

परंतु हलक्या धातूच्या नाण्याला एक धोका असतो. त्याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राच्याच भूमीवर दिला गेला. महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी आणली, हे आपण शाळेत वाचले आहे. त्यानेच १३२९-३० च्या सुमारास पितळेची व तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या किमतीने घ्यावीत असा हुकूम केला. ही नाणी ज्या टाकसाळींत पडली त्यांत दौलताबादही होती. सुलतानाची आज्ञा जो पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्यांवर कोरला होता. म्हणजे चांदीच्या जागी धर्माची ग्वाही! कल्पना मुळात वेडगळ नव्हती. चीनमध्ये कागदी चलन त्यापूर्वीच चालू होते. मग फसली कोठे? इतिहासकार बरनी लिहितो की घरोघर टाकसाळी झाल्या. पितळ सर्वांजवळ होते आणि छाप कोणालाही उठविता येत होता. दोनतीन वर्षांत सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली. खरीखोटी मिसळून आलेल्या नाण्यांच्या बदली खजिन्यातले सोने-चांदी द्यावे लागले, आणि परत आलेल्या पितळेचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नाणे पितळेचे आहे हे ओळखणे कोणालाही कठीण नव्हते. कठीण होते ते हे, की हे पितळ सुलतानाचे की शेजारच्या कासाराचे. म्हणजे चांदीच्या नाण्याला 'तू कशाचा?' असा प्रश्न विचारावयाचा असतो, आणि सांकेतिक नाण्याला 'तू कोणाचा, आणि तुझ्यासारखे किती?' असा. ज्याने प्रश्नांची अदलाबदल केली तो फसला. पुढच्या सहाशे वर्षांत हीच चूक निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा आली आहे.

आता मराठी राज्याचा काळ घ्या. शिवछत्रपतींनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. त्यांत शिवराई इतकी रुजली की राज्य गेले तरी ती बाजारात राहिली. चांदीच्या रुपयांचा प्रकार मात्र फार गुंतागुंतीचा. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, आणि आपल्या पन्हाळ्याच्या टाकसाळीचा शंभू पीरखानी, असे किती प्रकार सांगावेत! त्यांतल्या बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे. तेव्हा नाव वाचून काही कळत नसे. अंकुशासारखी बारीक खूण पाहून टाकसाळ ओळखावयाची आणि टाकसाळीवरून चांदीचा कस धरावयाचा. हे काम सराफाचे. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की तो बट्टा कापून घेई. घाटावरचा व्यापारी आपल्या या वाटेने फोंडा घाट उतरून कोकणात जाई आणि पुढे गोव्याकडे वळे, तेव्हा त्याला पोर्तुगिजांची नाणी भेटत. त्यांचे बाझारुक नावाचे हलके नाणे वेळोवेळी तांब्याचे, कथिलाचे, शिशाचे असे निरनिराळ्या धातूंत निघाले होते. नाव एक आणि धातू अनेक!

सराफाची साधने कोणती? पहिले त्याचा कान. फरशीवर रुपया टाकला की चांदी खणखणीत वाजते. आत तांबे किंवा शिसे असेल तर आवाज बद्द येतो. आपण माणसालाही 'खणखणीत नाणे' म्हणतो ते यावरून. दुसरे साधन तराजू. तिसरा कसोटीचा दगड. काळ्या, बारीक पोताच्या या दगडावर सोने घासून रेघ उठवावयाची, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढावयाची, आणि दोन्हींचा रंग ताडून पाहावयाचा. शंका राहिली तर तेजाबाचा थेंब टाकावयाचा, म्हणजे हिणकस भाग विरून जातो. चौथे साधन छिनी. वरून चांदीचा पत्रा आणि आत तांबे असा बनावट रुपया ओळखण्यासाठी सराफ नाण्यावर लहानसा घाव घालीत. जुन्या रुपयांवर असे ठसे व घाव आजही दिसतात. अजाण माणूस त्यांना नाण्याचे वैगुण्य समजतो. वास्तविक ती त्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रे होत.

बट्ट्याचा हा जाच इंग्रजांनी १८३५ च्या कायद्याने बंद केला. कंपनीच्या मुलखात सर्वत्र एकच रुपया सुरू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपया इतका नेमका की सोनार तोळ्याचे वजन म्हणून तोच पारड्यात टाकी. कोणीही चांदी टाकसाळीत न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. छाप आणि धातू यांची अशी जोडी पूर्वी क्वचितच जमली होती.

ही जोडी १८९३ साली फुटली. जगात चांदी स्वस्त होत चालली होती, रुपयाचा भाव पडत होता. तेव्हा सरकारने लोकांच्या चांदीसाठी टाकसाळीचे दार बंद केले. त्या दिवसापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीहून निराळी झाली. रुपया तसाच दिसत होता, तसाच वाजत होता, कसोटीवर तसाच उतरत होता. तरी तो आता टोकन झाला होता. १९२० च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत शाहू छत्रपतींनी ज्यांचा गौरव केला, त्या आंबेडकरांनी पुढे तीनच वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील आपला इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की सांकेतिक रुपया किती पाडावा हे सरकारच्या मर्जीवर सोडून भागत नाही. टाकसाळ लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद केली पाहिजे, म्हणजे संख्येला मर्यादा राहील. 'तुझ्यासारखे किती?' हा आपला दुसरा प्रश्न बाबासाहेबांनी खुद्द साम्राज्य सरकारला विचारला होता.

दोन महायुद्धांनी धातूंची पार उलथापालथ केली. पहिल्या युद्धात चांदी इतकी चढली की रुपया वितळविणे फायद्याचे होऊ लागले. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट निघाली. १९१९ पासून तांबे-निकेलच्या मिश्रणाची पावली आणि अधेली काढली. त्यांपैकी अधेलीच्या इतक्या नकला झाल्या की ती थोड्याच वर्षांत मागे घ्यावी लागली. तुघलकाचाच धडा, फक्त प्रमाण लहान! दुसऱ्या युद्धात १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम. जुने चांदीचे रुपये सरकारने पायरीपायरीने चलनातून काढले. व्हिक्टोरिया राणीचे १९४१ च्या मार्चअखेर, एडवर्डचे १९४२ च्या मेअखेर, आणि पंचम व षष्ठ जॉर्जचे जुन्या कसाचे १९४३ च्या मेअखेर. पुष्कळ शहाण्या घरधन्यांनी ते परत केलेच नाहीत. आज आजीच्या पेटीत जे सापडतात ते हेच. त्याच सुमारास आणे पिवळे झाले, कारण निकेल लढाईच्या कामाला हवे म्हणून १९४२ पासून त्यांत निकेल-पितळ आले. आणि १९४३ पासून तांबे वाचविण्यासाठी पैशाला भोक पडले. १९४७ साली रुपयातली चांदी संपूर्ण गेली आणि तो शुद्ध निकेलचा झाला.

आता घरी हे ओळखावे कसे? प्रथम सन वाचावा. षष्ठ जॉर्जच्या रुपयावर १९४० किंवा पुढचे, पण १९४७ पूर्वीचे साल असेल तर तो अर्ध्या चांदीचा. त्याची कडही निराळी असते. उभ्या रेघांच्या मधून एक खोबण फिरलेली दिसते. पावली-अधेलीच्या बाबतीत केवळ सनावर विसंबू नये, तेथे तज्ज्ञाला विचारावे.

मग चुंबक घ्यावा. चांदी, तांबे, पितळ आणि तांबे-निकेलचे मिश्रण यांना चुंबक ओढीत नाही. शुद्ध निकेल आणि लोखंड यांना ओढतो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया चुंबकाला चिकटला तर तो खोटा, यात संशय नको. पण चिकटला नाही म्हणून तो चांदीचा, असे मात्र सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही. परीक्षेचा हा एकेरीपणा विसरल्यामुळे पुष्कळ लोक फसतात.

तिसरी परीक्षा पाण्याची. एकेक रुपयाने फरक कळणार नाही, म्हणून दहा रुपये घ्यावेत. ते दोऱ्याने टांगून प्रथम हवेत तोलावेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावेत. जुन्या कसाच्या दहा रुपयांचे वजन पाण्यात सुमारे ११.३ ग्रॅमने घटते, अर्ध्या चांदीच्या रुपयांचे सुमारे १२.२ ग्रॅमने, आणि निकेलच्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या रुपयांचे १३ ग्रॅमहून थोडे अधिक. हलका धातू तेवढ्याच वजनाला जास्त जागा अडवितो, एवढेच याचे रहस्य. आर्किमिडीजने मुकुटासाठी लावलेली युक्ती आपण रुपयांना लावावयाची.

स्वातंत्र्यानंतरची नाणी या विद्येचा सराव करण्यास फार चांगली, कारण ती स्वस्त आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि नवा पैसा निघाला, तो कांशाचा, तांबूस रंगाचा. १९६२ साली त्याच छापाचा पैसा निकेल-पितळेत निघू लागला. म्हणून १९६२ सालचा नवा पैसा तांबूसही सापडतो आणि पिवळाही. १९६४ साली 'नवा' हा शब्द गळाला, आणि १९६५ पासून पैसा अल्युमिनियमचा, चौकोनी आणि फुंकरीने उडेल इतका हलका झाला. आठ वर्षांत तीन धातू! धातू महागला की नाण्याने कपडे बदलावयाचे, असा हा क्रम. रुपयाचेही तसेच. १९७४ पर्यंतचा निकेलचा, चुंबकाला चिकटणारा. १९७५ पासूनचा तांबे-निकेलचा, न चिकटणारा. आणि १९९२ पासूनचा गंज न चढणाऱ्या पोलादाचा, पुन्हा चिकटणारा. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली.

अल्युमिनियमचे नाव निघाले म्हणून सांगतो. ज्या दगडातून हा धातू काढतात तो बॉक्साईट आपल्याच राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर आहे. शिशासाठी ज्या मुलखाला एकेकाळी समुद्रापलीकडे पाहावे लागे, त्याच्या डोंगरमाथ्यावर आधुनिक नाण्याच्या धातूचा कच्चा माल तांबड्या दगडाच्या रूपाने पडला होता. विज्ञानाने तो ओळखीपर्यंत तो नुसता दगडच होता.

टोकन केवळ राजेच काढतात असे नाही. आपल्याकडे कवडी एकाच वेळी सोंगट्यांच्या पटावरही पडे आणि बाजारात चिल्लर म्हणूनही चाले. अमेरिकेत याचे आधुनिक रूप पाहावयास मिळते. तेथील नेवाडा राज्यात जुगारगृहे कायदेशीर आहेत आणि तेथल्या यंत्रांत चांदीचे डॉलर टाकीत. १९६० नंतर चांदी महागली, डॉलर लोकांच्या पेट्यांत गेले, आणि १९६५ पासून जुगारगृहांनी खाजगी टाकसाळीकडून डॉलरएवढी टोकने पाडून घेतली. पुढे संग्राहकांसाठी तोच छाप निरनिराळ्या धातूंत उठविला गेला. छाप तंतोतंत एक, पण एक तुकडा सामान्य मिश्रणाचा आणि दुसरा चांदीचा. किमतीत जमीनअस्मानाचा फरक! त्यामुळे तेथले संग्राहक तराजू, चुंबक, पाणी आणि रंग यांच्याच साह्याने त्यांची वर्गवारी करतात. आपल्या शेजारच्या गोव्यातही १९९२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना वाट मिळाली. जुगाराचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. परंतु जुगारगृहाचे टोकन त्या दारापुरतेच खरे, दाराबाहेर तो नुसता धातू, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे.

शेवटी एका गंभीर प्रकाराविषयी बोलणे माझे कर्तव्य आहे. बाजारात, जत्रेत, कधी एखाद्या अनोळखी 'एजंटा'च्या हातात तांब्याचे एक नाणे दिसते. एका बाजूस रामदरबार किंवा मारुती, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल. हे कंपनीचे नाणे नव्हे. कंपनीच्या टाकसाळींनी असे नाणे १८१८ साली पाडलेले नाही. ही मागाहून, भाविकांसाठी व हौशी लोकांसाठी बनविलेली टोकने. देवाची प्रतिमा म्हणून कोणी ती देव्हाऱ्यात ठेवली तर त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु हे नाणे तांदळाचे दाणे ओढते, यात दिव्य शक्ती आहे, परदेशी अंतराळ-संशोधन संस्था ते कोट्यवधींना घेते, असे सांगून तपासणीच्या खर्चासाठी म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आहेत. महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत त्यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदले गेले आहेत. त्यांच्या जाळ्यात केवळ अडाणी नव्हेत, शिकलेसवरलेले लोकही सापडले. कोणी शेत गहाण टाकले, कोणी लेकीच्या लग्नाचे पैसे दिले.

आज आपण जे पाहिले त्याच्या आधारे या फसवणुकीचा उलगडा करता येतो. तांबे चुंबक नव्हे आणि तांदूळ लोखंड नव्हे. दाणे हलले तर नाण्यात चुंबक दडविला आहे आणि दाण्यांत लोखंडाचा कीस घातला आहे. घरचे तांदूळ आणा म्हटले की चमत्कार थांबतो. पण याहूनही मोठी गोष्ट अशी, की ही माणसे आपल्याला धातूच्या चमत्कारात गुंतवून 'तू कोणाचा?' हा प्रश्न विचारूच देत नाहीत. हे नाणे कोणत्या टाकसाळीत, कोणत्या हुकुमाने पडले, एवढे विचारले की सगळा डोलारा कोसळतो.

तेव्हा आपणांस तीन विनंत्या करतो. जुने नाणे चिंचेने किंवा रांगोळीने घासू नका. त्यावरचा रंग आणि घाव हेच त्याचे कागदपत्र असतात. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके सापडले तर ते सोनाराकडे वितळावयास नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. आणि कायदा नसता तरी विळिवायकुरासारख्या राजाचे नाव अशा एखाद्याच मडक्यामुळे जगाला कळते, हे विसरून चालणार नाही. तिसरी गोष्ट, सुट्टीच्या दिवशी मुलांना कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात न्या. ब्रह्मपुरीच्या वस्तू त्यांना तेथे पाहता येतील. येताना एक चुंबक विकत घ्या, घरातली चिल्लर त्यांच्यापुढे ओता, आणि कोणते नाणे चिकटते व का, हे त्यांचे त्यांना शोधू द्या.